हाडूक चघळणारी गाय आणि बैलाचा खरा टोंगळा

गाय हाडूक चघळते, हे तुमच्यापैकी कोणी पाहिलंय का? आमच्या यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या बाजूला, उन्हाळ्यात हे नवं नाही. गावाबाहेर नाल्याच्या काठी मेलेली जनावरं टाकायची जागा असते. चरायला गेलेली गाय तिथं थांबते, पांढरं पडलेलं हाड तोंडात घेते आणि लाळ गाळत कितीतरी वेळ चावत उभी राहते. बायामाणसं पाहून घाबरतात. कोणी म्हणतं करणी केली, कोणी म्हणतं गाय वेडी झाली. मी ढोरांची डॉक्टर. लाळ्या-खुरकुताची लस द्यायला गावात गेले की पोट्टे मागंमागं फिरतात. त्यांच्यातल्याच चौथीतल्या एका पोरीनं विचारलं, "मॅडम, गाय तं गवत खाते न जी, मंग हाडूक काऊन चावते?"

प्रश्न फार चांगला आहे. त्याचं उत्तर द्यायला गेलं की सगळा सांगाडाच सांगावा लागतो. म्हणून ही पोस्ट पोरांसाठी. ज्यांना एवढं वाचवत नाही, त्यांना घरातल्या कोणीतरी वाचून दाखवा.

तर उत्तर असं. हाड तयार व्हायला मुख्यतः दोन खनिजं लागतात, कॅल्शियम आणि फॉस्फरस. शरीरातल्या कॅल्शियमचे शंभरातले नव्व्याण्णव भाग हाडांत आणि दातांत असतात, फॉस्फरसही बहुतेक तिथंच. पावसाळ्यात हिरवा चारा असतो तोवर गाईचं भागतं. होळी झाली की तिच्यापुढं उरतो वाळलेला कडबा आणि कुटार, आणि त्यात फॉस्फरस फार थोडा. इकडे दूध तर द्यायचंच आहे, पोटातलं वासरूही वाढवायचं आहे. मग तिचं शरीर स्वतःच्याच हाडांतून फॉस्फरस काढायला लागतं. तिला कोणी शिकवलेलं नसतं, पण ओढ लागते. ती माती चाटते, भिंत चाटते, चिंध्या चघळते आणि हाड दिसलं की सोडत नाही. ही करणी नाही, कमतरता आहे. रोज ढेपीत खनिज मिश्रण दिलं की काही दिवसांत ही सवय सुटते. पण तोवर गाईला हाड चावू देऊ नका. मेलेल्या जनावराच्या हाडाला चिकटलेल्या कुजक्या मांसात कधीकधी असं विष तयार होतं की गाय लुळी पडून मरते.

(त्या नाल्याकाठी माझ्या लहानपणी गिधाडं उतरायची आणि काही तासांत जनावराचा नुसता सांगाडा उरायचा. जनावरांना दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफेनॅक त्यांच्या जिवावर उठलं. ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी व्हायचे. २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. गिधाडं मात्र आमच्या नाल्यावर परत आलेली नाहीत, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.)

आता मुख्य गोष्ट. तुम्ही आजवर पाहिलेली हाडं बहुतेक मेलेली, म्हणून अंगातलं हाडही तसंच कोरडं आणि पांढरं असेल असं वाटतं. तसं नसतं. जिवंत हाड ओलसर, गुलाबीसर असतं. त्यात रक्ताच्या बारीक नळ्या असतात, नसा असतात, आणि सतत काम करणाऱ्या पेशी असतात. काही पेशी जुनं हाड खात जातात आणि काही मागून नवं घालत येतात. मोठ्या माणसाचा सांगाडा साधारण दहा वर्षांत जवळजवळ सगळा नव्यानं बांधला जातो. तुमच्या आबाजीचं मांडीचं हाड त्यांच्या लग्नात होतं ते राहिलेलंच नाही.

हाडाच्या पोकळीत मगज असतो. तिथं रक्त तयार होतं, दर सेकंदाला वीस लाखांच्या आसपास तांबड्या पेशी. आपल्या विदर्भात कितीतरी घरांत सिकलसेल आहे, त्या घरातल्या पोरांना हे कळायलाच हवं. त्या आजारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, हाडातल्या बारीक नळ्यांत अडकतात, आणि हाड आतून ठणकायला लागतं. लहान बाळाचे हातपाय सुजणं ही बरेचदा त्याची पहिली खूण असते. वर्गातला एखादा पोरगा "हाडं दुखतात" म्हणून शाळेत आला नाही तर तो सोंग करत नसतो.

हाड कशाचं असतं हे घरी पाहता येतं. रविवारी ज्यांच्या घरी कोंबडी शिजते त्यांनी दोन लेगपीसची हाडं ठेवून घ्यायची. पाहा, जाड हाडाला लागून एक सुईएवढं बारीक हाड असतं, खाताना हिरडीला टोचतं ते. हे दोन्ही मिळून कोंबडीची पोटरी. म्हणजे लेगपीस ही मांडी नाही, मांडी त्याच्या वरचा तुकडा. तुमच्याही पोटरीत असंच एक जाड आणि एक बारीक हाड आहे.

एक हाड स्वच्छ धुऊन व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. चायनीजच्या गाडीवर मिळतं तेच व्हिनेगर. थोड्या वेळात हाडावर बारीक बुडबुडे दिसतील. दोन-तीन दिवसांनी व्हिनेगर बदला. आठवडाभरात हाड बोटांनी वाकायला लागेल, तुटणार नाही. आम्ही एका शाळेत केलं तेव्हा एका पोट्ट्यानं त्याची जवळजवळ गाठ मारली होती. व्हिनेगरनं हाडातलं खनिज विरघळवलं आणि मागं राहिला तो चिवट धागा, त्याला कोलॅजन म्हणतात. दुसरं हाड घरच्या मोठ्या माणसाकडून चुलीच्या निखाऱ्यात टाकून घ्या. ते आधी काळं पडेल, मग पांढुरकं. थंड झाल्यावर चिमटीत धरलं तर भुगा. इथं उलटं झालं, धागा जळाला आणि खनिज राहिलं. घराचा स्लॅब टाकताना सळई आणि सिमेंट दोन्ही का लागतं, हे तुम्ही मिस्त्रीला विचारलंत तर तो जे सांगेल तेच हाडाचं आहे. खनिज दाब सोसतं, धागा ताण सोसतो. दोन्हींपैकी एक गेलं की हाड कामाचं नाही.

आपल्या अंगात २०६ हाडं आहेत. पण तुम्ही जन्मला तेव्हा जास्त होती, तीनशेच्या आसपास. हरवली नाहीत, जुळली. बाळाच्या डोक्यावर टाळू लपलप करते ना, आजी तेल थापते तिथं? तिथं कवटीची हाडं अजून एकमेकांना भेटलेली नसतात. बाळंतपणात बाळाचं डोकं बाहेर यायला ती थोडी सरकावी लागतात, आणि नंतर मेंदू वाढायला जागा लागते. समोरची टाळू साधारण दीड वर्षात भरते. आणखी एक सांगते. रांगत्या बाळाच्या टोंगळ्यावरची, म्हणजे गुडघ्यावरची, वाटी अजून हाडाची झालेलीच नसते, ती कुर्चेची असते. कुर्चा म्हणजे नाकाचा शेंडा आणि कानाचा वरचा भाग ज्याचा असतो ते लवचीक द्रव्य. वाटीत हाड भरायला सुरुवात होते ती तीन वर्षांच्या पुढं.

या २०६ पैकी निम्म्याहून जास्त हाडं नुसत्या हातापायांच्या पंजांत आहेत. एका हातात मनगटासकट २७, एका पायात २६. चौघांची बेरीज तुम्ही करा. कापूस वेचताना बोंडातून चार बोटांनी सरकी अलगद ओढता येते, ती एवढी हाडं एवढ्याशा जागेत आहेत म्हणून. सगळ्यात लांब हाड मांडीचं आणि सगळ्यात लहान कानाच्या आत, तीन मिलिमीटरच्या आसपास.

पोरांची हाडं लांब होतात कशी, तेही सांगते. लांब हाडाच्या दोन्ही टोकांजवळ कुर्चेचा एक पातळ थर असतो. तो वाढत जातो आणि मागून त्याचं हाड होत जातं. वयात आल्यावर काही वर्षांनी तो थर हाडानं भरतो आणि उंची थांबते. वासरांत, बकरीच्या पिलांतही तेच. कोवळ्या जिवाचं मोडलेलं हाड लवकर जुळतंही.

एकदा एका म्हाताऱ्या बाईनं पदरात गुंडाळून बकरीचं पिलू आणलं होतं. त्याचा पुढचा पाय मोटारसायकलखाली आला होता. नळी मधोमध मोडली होती आणि खालचा भाग लोंबत होता. बाई म्हणाली, "मॅडम, कापू नोका जी, पाट हाये." पाट म्हणजे मादी पिलू. मी पाय हलकेच ओढून सरळ धरला, त्यांच्याच घरचा कापूस गुंडाळला, बांबूच्या चार कामट्या लावल्या आणि पट्टी बांधली. वरचा आणि खालचा, दोन्ही सांधे पट्टीत आले पाहिजेत, नाही तर हाड हलत राहतं. आत काय चालतं ते ऐका. मोडल्या जागी आधी रक्त साखळतं. मग दोन्ही टोकांकडून पेशी येऊन कुर्चेचा मऊ गोळा बांधतात. मग त्यात खनिज भरून गोळा कडक होतो. तीन-साडेतीन आठवड्यांनी पट्टी सोडली तेव्हा नळीवर सुपारीएवढी गाठ हाताला लागली. म्हातारी घाबरली, गाठ कशाची म्हणून. ती गाठ म्हणजेच जुळलेलं हाड होतं. पुढं महिनोन्‌महिने शरीर ती गाठ स्वतःच कमी करत आणतं. दिवाळीत मी गेले तेव्हा ती पाट कुंपणावरून उडी मारून कोणाच्या तरी तुरीत शिरलेली होती.

आता बैल. मला सगळ्यात आवडतो तो बैलाचा सांगाडा, आणि तो पाहायला मेलेला बैल लागत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. बैल धुतलेला असतो, शांत असतो, बाबा हळद आणि तूप लावून त्याचे खांदे शेकत असतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या" चाललेलं असतं. त्या वेळी बाबांना विचारून तुम्हीही हात लावा. मी सांगते तिथं तिथं.

आधी पुढचा पाय. मध्ये जिथं तो दुमडतो, त्याला सगळे टोंगळाच म्हणतात. बैल बसताना तोच आधी टेकवतो, म्हणून तसं वाटतं. पण तो टोंगळा नाही, ते बैलाचं मनगट आहे. त्याचं कोपर वर आहे, छातीला लागून. मनगटाच्या खाली जी लांब सरळ नळी लागते ती त्याच्या तळहाताची हाडं, दोन हाडं जन्मापूर्वीच एकत्र जुळून एक झालेली. शेतात कधी असं सुटं हाड सापडलं तर नीट पाहा. त्याच्या मधून उभी बारीक खाच गेलेली असते आणि खालच्या टोकाला दोन गोल मुंडकी असतात. दोन हाडं होती याची ती खूण. त्या दोन मुंडक्यांना दोन बोटं जोडलेली असतात आणि बोटांच्या टोकावर खूर. बैलाचा खूर फाटलेला का असतो, तर तो दोन बोटांवर चालतो, तुमच्या मधल्या आणि करंगळीशेजारच्या बोटांवर. आणि मागच्या बाजूला वर दोन छोट्या नख्या लोंबतात, त्या अंगठ्याशेजारचं बोट आणि करंगळी. अंगठा नाहीच. पत्री ठोकणाऱ्याला विचारा, घोड्याला चार नाल लागतात आणि बैलाला आठ पत्र्या. घोडा एका पायाच्या एकाच बोटावर धावतो.

मागचा पाय आणखी गमतीचा. तो मध्ये मागच्या बाजूला वाकलेला दिसतो, आणि पोरं म्हणतात बैलाचा मागचा टोंगळा उलटा असतो. उलटा नसतो. ते टोक म्हणजे त्याची टाच. तुमच्या टाचेवर जी जाड शीर लागते, तीच तिथं बैलाला लागेल. त्याचा खरा टोंगळा वर, पोटाच्या कडेला, जिथं मांडीची कातडी पोटाला मिळते तिथं आहे. त्यावर वाटीसुद्धा आहे, तळहात ठेवून पाय हलला की सरकताना कळते. एकदा हे कळलं की कुत्रं, मांजर, बकरी, कोंबडी, सगळ्यांचे मागचे पाय कळतात. हाडं तीच, क्रम तोच. कोणी पूर्ण तळवा टेकवतं, आपल्यासारखं आणि अस्वलासारखं. कुत्रं बोटांवर चालतं. बैल बोटांच्या नखांवर उभा आहे.

मग खांदा. तुम्ही स्वतःच्या गळ्याखाली हात लावा, दोन्ही बाजूंना एकेक आडवं हाड लागेल, ते हसळीचं हाड. त्याच्यामुळं आपला हात छातीशी हाडानं जोडलेला आहे. बैलाला हे हाडच नाही. त्याचा पुढचा पाय धडाशी एकाही हाडाच्या सांध्यानं जोडलेला नाही. दोन बाजूंना दोन फऱ्यांची हाडं, आणि त्यांच्यामध्ये त्याची छाती नुसत्या स्नायूंनी टांगलेली. चारशे किलोचं जनावर पळताना पुढचे पाय जमिनीवर आपटतात तो दणका हे स्नायू पिऊन टाकतात. वांदराला हसळी आहे, कारण त्याला फांदीला लटकायचंय, हात चौफेर फिरवायचेत. बैलाला पुढं-मागंच जायचंय. आणि वशिंडात हाड असतं असं पुष्कळांना वाटतं. दाबून पाहा. स्नायू आणि चरबी आहे. जू त्याच्या पुढं, मानेवर बसतं. म्हणजे अख्खं ओझं बसतं ते कातडी आणि स्नायूंवर, म्हणूनच खांदा सुजतो, सोलतो, घट्टा पडतो. खांदे शेकणं हा नुसता सण नाही असं मी सगळ्यांना सांगते. वर्षातून एक दिवस नाही, हंगामात रोज संध्याकाळी जू उतरल्यावर त्या जागेवरून हात फिरवायला पाहिजे.

त्याच मानेत सात मणके आहेत. तुमच्या मानेतही सात. उंदराच्या मानेत सात आणि जिराफाच्या मानेतही सातच, फक्त एकेक मणका वीतभराहून लांब. दूध पिणाऱ्या प्राण्यांत हा आकडा फारसा बदलत नाही. पक्ष्यांचं तसं नाही. घुबडाला चौदा असतात, म्हणून तो अंग न हलवता पाठीमागं पाहू शकतो.

शरीर हाडांतून खनिज काढून घेतं, असं वर म्हटलं, ते प्रत्यक्ष दिसतं ते गाय वेल्यावर. जर्सी गाय, दुधाला भरपूर, तिसऱ्या-चौथ्या वेताची. काल व्याली आणि आज उठत नाही. मान वळवून कुशीवर टाकलेली, कान हाताला गार. याला दूधज्वर म्हणतात, पण अंगात ताप नसतो, उलट अंग थंड पडतं. झालेलं असं असतं की चिकातून एकदम पुष्कळ कॅल्शियम गेलं. तिच्या हाडांत किलोंनी कॅल्शियम आहे, रक्तात मात्र काही ग्रॅमच असतं, आणि हाडातून ते बाहेर काढायची तयारी व्हायला शरीराला एक-दोन दिवस लागतात. तेवढ्या वेळात स्नायू चालेनासे होतात, कारण स्नायू आकसायला कॅल्शियम लागतं, काळजाला सुद्धा. आम्ही शिरेतून कॅल्शियमची बाटली लावतो, अगदी हळू, एक हात बाटलीवर आणि कान काळजाच्या ठोक्यांवर, कारण घाई केली तर ठोका थांबू शकतो. बाटली संपत येते तसं गाईचं अंग थरथरतं, ढेकर येतो, शेण पडतं, आणि बऱ्याचदा ती उठून उभी राहते. एवढ्या वर्षांत कितीदा पाहिलं, तरी तो क्षण आला की माझ्या डोळ्यांत पाणी येतं.

कोंबडी हेच रोज करते. अंड्याचं टरफल जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट. एका टरफलाला सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम लागतं आणि ते रात्रीत तयार होतं, तेव्हा ती काही खात नसते. म्हणून अंड्यावरच्या कोंबडीच्या पायाच्या हाडांच्या पोकळीत एक वेगळं, जाळीदार हाड भरलेलं असतं, फक्त टरफलासाठी साठवलेलं. कोंबड्याला ते नसतं. पंखाच्या वरच्या हाडात मात्र दोघांच्याही हवा असते, आणि आतून बारीक आडवे खांब. हलकंही आणि मजबूतही. छातीच्या मधोमध जो उभा पातळ पडदा लागतो, त्याला पंख हलवणारे स्नायू चिकटतात.

साप, कासव थोडक्यात सांगते. सापाला हाडं नसतात असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. असतात, उलट आपल्यापेक्षा जास्त. आपल्या पाठीत जन्मतः ३३ मणके, सापाला दोनशे ते चारशे, आणि शेपटी सोडली तर जवळजवळ प्रत्येक मणक्याला बरगड्यांची जोडी. अजगराला शेपटी सुरू होते तिथं दोन बारीक नख्या असतात, ते त्याच्या पूर्वजांच्या मागच्या पायांचं उरलेलं. कासवाची पाठ म्हणजे त्याच्याच बरगड्या आणि मणके रुंद होऊन जुळलेले. ते पाठीतून बाहेर येऊ शकत नाही. उचलून आपटू नका, त्याला दुखतं.

खेकडा, विंचू, झुरळ यांच्या आत हाड नाही, सांगाडा बाहेर आहे, आणि तो वाढत नाही. म्हणून खेकडा जुनं कवच फोडून मागच्या बाजूनं बाहेर येतो आणि नवं कवच कडक होईपर्यंत दगडाखाली लपून बसतो. पावसाळ्यात नाल्यात पिचपिचीत अंगाचा खेकडा सापडला तर तो आजारी नाही. गांडुळाला आतही नाही आणि बाहेरही नाही. त्याच्या अंगात पाणी भरलेले कप्पे आहेत, त्यांना स्नायूंनी दाबून तो जमिनीत घुसतो.

शिंगांचं मात्र सांगायलाच हवं. बैलाच्या शिंगात आत हाड असतं आणि वर नखाच्या द्रव्याचं आवरण. म्हणून शिंग मोडलं की रक्ताची धार लागते. मोठ्या बैलात ते हाड पोकळ असतं आणि ती पोकळी थेट कपाळात उघडते. शिंग मोडलेला बैल बेफिकिरीनं तसाच ठेवू नका, माशी बसून आत किडे पडतात. आमच्या जवळच टिपेश्वरचं अभयारण्य आहे, तिथल्या चितळाचं शिंग वेगळं. ते पूर्ण हाडाचं, नराला येतं, वाढताना मखमली कातडीनं झाकलेलं असतं, आणि दरवर्षी गळून पडतं. ते गळलेलं शिंग साळू कुरतडते, गाय हाड चघळते त्याच कारणानं, खनिजासाठी. तुम्हाला दिसलं तर उचलू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ते घरी आणणं गुन्हा आहे, आणि तो साळूचा घास आहे.

आता मेलेल्या हाडाचं पुढं काय होतं ते. बहुतेक हाडं कुत्री, ऊन-पाऊस आणि माती संपवून टाकतात. पण एखादं हाड गाळाखाली लवकर गाडलं गेलं तर जमिनीतलं पाणी त्यात मुरत राहतं, पाण्यातली खनिजं हाडाच्या बारीक छिद्रांत बसत जातात, आणि लाखो वर्षांनी ते हाडाच्या आकाराचा दगड होतं. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडं पिसदुरा आणि डोंगरगाव ही गावं आहेत. तिथं डायनोसॉरची अशी हाडं सापडली. डोंगरगावच्या लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरचं वर्णन १९९७ साली प्रसिद्ध झालं, आणि २००३ साली त्याला इसिसॉरस नाव मिळालं, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेवरून. त्याच्याही मांडीत एक हाड, पोटरीत दोन. पिसदुऱ्याला तर डायनोसॉरचं दगड झालेलं शेणसुद्धा मिळालं, आणि २००५ साली त्यात गवताचे अंश असल्याचं जाहीर झालं. आपल्या कोरडवाहू मातीखाली हे पडलेलं आहे, हे पोरांना शाळेत का सांगत नाहीत मला कळत नाही.

जमिनीतल्या पाण्यानं मेलेलं हाड बदलतं. जिवंतही बदलतं. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांत कितीतरी गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. ते खोल खडकातून विरघळून येतं. लिटरमागं एक ते दीड मिलिग्रॅमपर्यंत चालतं, त्याच्या वर वर्षानुवर्षं पिण्यात आलं तर ते हाडात जाऊन बसतं. मी हे माणसांच्या आधी जनावरांत पाहिलं. बैलाचं वय पाहायला आम्ही ओठ उचलतो, दोन दाती, चार दाती, जुळलेला. काही गावांत चार दाती, म्हणजे अजून तरुण, बैलाचेसुद्धा दात तपकिरी, खरबरीत आणि म्हाताऱ्यासारखे झिजलेले. तो लंगडतो, पण खुरात काटा नसतो. बरगडीवरून हात फिरवला तर गाठी लागतात. मग मान वर केली की त्याच अंगणात खाटेवर आबाजी दिसतात, ज्यांना पाठ वाकवता येत नाही आणि उकिडवं बसता येत नाही. फ्लोराईडमुळं हाड वेडंवाकडं जास्त वाढतं, सांध्यांना बांधणारे चिवट पट्टेसुद्धा हाडासारखे कडक होतात, आणि पाठीचा कणा जखडतो. त्या खाटेशेजारी उभा असलेला एक पोरगा हसला तेव्हा त्याच्याही पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे होते. पक्के दात हिरडीच्या आत तयार होतात ते आठ वर्षांच्या आत. त्या वयात जे पाणी पोटात जातं त्याची खूण दातावर कायमची राहते.

झालेलं हाड पूर्वीसारखं करायला औषध नाही. म्हणून पाणी बदलणं एवढंच हातात आहे, आणि ते तुमच्या वयात बदललं तर पुष्कळ उपयोग होतो. उथळ विहिरीच्या पाण्यात बरेचदा खोल बोअरपेक्षा फ्लोराईड कमी असतं, पावसाच्या साठवलेल्या पाण्यात जवळजवळ नसतंच. नागपूरच्या नीरी संस्थेनं तुरटी आणि चुना वापरून फ्लोराईड काढायची पद्धत तयार केली, तिला नलगोंडा पद्धत म्हणतात. प्रमाण पाणी तपासून ठरवावं लागतं, अंदाजानं तुरटी फिरवून चालत नाही. दूध, अंडी, तीळ, नाचणी, शेवग्याची पानं पोटात गेली तर हाडांवरचा मार थोडा कमी होतो. पाण्याच्या तपासणीचा कागद ग्रामपंचायतीत असतो, शाळेच्या हापशीचाही असायला पाहिजे. तो गुरुजींसोबत जाऊन मागा आणि फ्लोराईडसमोरचा आकडा वाचा. दीडच्या वर असेल तर त्या हापशीचं पाणी धुण्याभांड्याला वापरा, प्यायला आणि स्वयंपाकाला नको. आणि घरी सांगा, उकळून फ्लोराईड जात नाही. पाणी आटतं आणि ते तेवढंच राहतं.